ए म्हणजे नांगर

निवतीच्या बंदरावर, बर्फाच्या गोदामामागच्या खोलीत
लॅपटॉपला सिग्नल फक्त खिडकीत मिळतो.
म्हणून मी खिडकीत, आणि शांबा मेतर
उलट्या क्रेटवर, गुडघ्यावर चष्म्याची डबी.
तीन खोल्या, न्याहारी, दीपगृहापर्यंत होडी,
एवढंच त्याचं पान.

"आता शब्दांना वाट लावू या," मी म्हणाले
आणि जीभ चावली. तो हसला नाही.
कोनदार कंस काढला, बांगड्याच्या शेपटीसारखा,
त्यात एकटा ए.
"ह्यो ए कसलो?"
अँकरचा, म्हटलं. नांगर.

त्याने बाहेर बघितलं.
आठ होड्या, आपापल्या दोरावर,
सगळ्यांची तोंडं ओहोटीने एकीकडे वळवलेली.
"नांगर थांबयता गो. तुझो ह्यो न्हेता.
नाव कोणी घातलां?"

मला माहीत नव्हतं. कुडाळच्या क्लासात
आम्ही कधी विचारलंच नाही.
ए, मग मोकळी जागा, मग एच-रेफ,
बरोबरचं चिन्ह, दुहेरी अवतरणात पत्ता,
मग शब्द, मग तिरकी रेघ घालून बंद.
एकोणतीसच्या पाढ्यासारखं पाठ.

पाठ केलेलं टाइप केलं. बंद करायला विसरले.
उघडून बघते तर 'दीपगृह' पासून खाली
अख्खं पान निळं, अधोरेखित.
न्याहारी निळी, घावणे निळे, त्याचा फोन नंबर निळा,
कुठेही बोट ठेवा, दीपगृहच.
"दोर बांधूक इसारलंस," तो म्हणाला,
चष्मा न लावताच.

तिरकी रेघ घातली. पान जाग्यावर आलं.

चहा निवून गेल्यावर तो आपणहून बोलला.
"होडी रेंवेत रुतली काय काय करतत, ठावक आसा?
नांगर धाकट्या पातीत घालून फुडे न्हेवचो,
खोल पाण्यात सोडूचो,
आनि हयसून दोर वडीत रवाचो.
नांगर हलना नाय. होडी जाता."

मी एच-रेफकडे परत बघितलं.
दुहेरी अवतरणात, दूर, खोलात पडलेलं लोखंड.
आणि इथे, शब्दाखालची रेघ,
ताणलेला ओला दोर.

शेवटची ओळ त्यानेच सांगितली.
"खोल्यो भरल्यो आसतीत तर..."
तर?
"तर इनासाकडे जावा. असां लिही."
इनास लोबो. गडग्यापलीकडचं घर, चार खोल्या,
नवा पत्रा. जाळी वाळवायच्या जागेवरून
सहा वर्षं दोघांत शब्द नाही.
इनासचा कुत्रासुद्धा ह्या बाजूला तोंड करून भुंकत नाही,
असं गावात म्हणतात.

"तेका कळतला?"
नाही, मी सांगितलं. दोर ह्या टोकाला बांधायचा.
ज्याच्या दारात नांगर पडतो
त्याच्या पानावर काही उमटत नाही.
तो त्यावर बराच वेळ बसून राहिला.
"मगे घाल."

मराठीत ह्याला दुवा म्हणतात, मी उगाच सांगितलं.
"दुवो देवक मी काय फकीर?"
पण 'घाल' मागे घेतलं नाही.

पंधरवड्याने खोल्यांचे दर बदलायला गेले.
त्याने स्वतःचा फोन पुढे केला,
काचेला तडा, कडेला खवलं चिकटलेलं.
पान उघडं होतं. मी खाली सरकवत गेले.
न उघडलेला दुवा निळा राहतो,
जाऊन आलं की रंग बदलतो,
हे मी त्याला शिकवलं नव्हतं.
'दीपगृह' निळंच होतं. ते त्याला दारातून दिसतं.
'इनासाकडे' जांभळं.

मी काही बोलले नाही.
दोन आकडे बदलले, जतन केलं.